जिनिंगच्या टीमची हाडवैदीण

बेल्यात सोजरबाईला कोणी पाणी विचारत नसे. ती दारात आली की लोक बसायला गोधडी टाकत, सुपाने वारा घालत, पण तांब्या पुढे करत नसत. ज्या घरचं हाड बसवलं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा तिच्या सासूने, रुक्माबाईने, घालून दिलेला नेम होता. आणि गावात असं घर राहिलं नव्हतं जिथलं कोणी ना कोणी झाडावरून, बैलगाडीवरून नाहीतर दारूच्या भरात एकमेकांच्या अंगावर पडलं नव्हतं. म्हणून बाई ऐन मे महिन्यातही स्वतःचा पितळी गडू हातात घेऊन हिंडायची. नवख्या माणसाला वाटायचं, ही शिवाशिव पाळते. तसं काही नव्हतं. पाटलाच्या वाड्यातही ती तहानलेलीच बसायची.

नेमामागचं कारण सरळ होतं. हाडं बसवणाऱ्याच्या हाताला गुण असतो. त्या हाताने मोबदला घेतला, मग तो पसाभर ज्वारीचा का असेना, की गुण निघून जातो. रुक्माबाईने सुनेला हे शिकवलं तेव्हा तिचा हात एका मोडलेल्या बकरीच्या पायावर ठेवून शिकवलं. शेवटी एवढंच म्हणाली, "गुण गेला का हाताखालचं अंग थंडं पडते. मंग समजून जाजो." सोजरबाईने पंचवीस वर्षं हाडं बसवली आणि तिच्या हाताखाली कोणाचं अंग थंड पडलं नाही. उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून लेप, त्यावर कापूस, त्यावर बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. बांधलेलं तिनेच सोडायचं, आणि दिवस भरल्यावरच.

आता टीमकडे वळतो, कारण बाईचं पुढचं आयुष्य टीमनेच खाल्लं.

आदिलाबादच्या रस्त्याला सुधाकररावांची जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीपासून होळीपर्यंत तिच्या आवारात कापसाचे ढीग, आणि होळीनंतर नुसता मुरूम, रिकामा आणि तापलेला. त्या मुरमावर हमालांनी ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास फुटबॉल सुरू केला. हैदराबादहून मशीन दुरुस्तीला आलेल्या एका फिटरने चेंडू आणला आणि जाताना विसरून गेला, एवढाच त्या क्लबचा जन्म. बनियनवर खेळायचे, पायात काही नसायचं. नियम कोणाला धड माहीत नव्हते, त्यामुळे भांडणं भरपूर आणि सोजरबाईला कामही भरपूर.

त्यांच्यातला एकच जण खरा खेळाडू होता, धोंडीबा. त्याची आई बयनाबाई आवारात कापूस निवडायला यायची. बौद्धवाड्यातली विधवा बाई, पोराला कुठे ठेवणार, म्हणून सोबत आणायची. धोंडीबा कापसाच्या ढिगांवर उड्या मारत मोठा झाला. पडलं तर लागत नाही अशा जागी तो पडायला शिकला, आणि मग गोलात उभा राहिल्यावर मुरमावरही तसाच बेधडक आडवा व्हायला लागला. मुरूम म्हणजे कापूस नव्हे. दोनदा खांदा निखळला, बोटं तर किती वेळा. दर वेळी सोजरबाईने बसवलं. तो तिला माय म्हणायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची, म्हणजे प्रेम दोन्हीकडून होतं.

पंच्याऐंशी साली सुधाकररावांना हैदराबादेत कोणीतरी एक मोठा सामना दाखवला आणि त्यांच्या डोक्यात वारं शिरलं. परत आले ते टीमला पगार देणार असं सांगतच. हैदराबादचे सहा खेळाडू आले, एक म्हातारा कोच आला, हळदीच्या रंगाच्या जर्सी आल्या, मागे नंबर. जिनिंगचे कारकून पांडुरंगराव मॅनेजर झाले आणि रातोरात बुशशर्टात वावरू लागले. हमालांपैकी चौघे टीमच्या हजेरीपटावर लागले. खेळायचा पगार मिळतो हे गावाला पटेना. पहिल्या महिन्यात लोक नुसते बघायला यायचे, की ही माणसं दिवसभर चेंडूमागे पळतात आणि मालक त्यांना हाकलत कसा नाही.

कोचने मालिशवाला मागितला. पांडुरंगराव म्हणाले, आपल्याकडे त्याहून बरं माणूस आहे, आणि सोजरबाईचं नाव हजेरीपटावर घातलं. कोचने तिला एक पांढरा कोट दिला. काष्ट्याच्या लुगड्यावर तो कोट घालून ती मैदानाच्या कडेला बसायची. नांदेडला, चंद्रपूरला, वारंगलला टीमबरोबर ट्रकने गेली. परगावचे लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. पगार लागतच होता, नवरा डोमाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. पण पगारापेक्षा कोट जास्त आवडला.

रुक्माबाई तेव्हा खाटेला लागलेली. तिने कोट पाहिला आणि म्हणाली, "आता तू नोकरीवाली झाली. माह्या गुडघ्याले हात नको लावू."

"गावापासून कोठं काही घेऊन राह्यली मी?" सोजरबाई म्हणाली. "टीमचं येगळं हाय."

"हात तर एकच हाय ना?"

म्हातारी अठ्ठ्याऐंशीत गेली. मरेपर्यंत तिने सुनेकडून गुडघे चोळून घेतले नाहीत. सोजरबाईला हे फार लागलं, पण कोट तिने उतरवला नाही.

ती तीन-चार वर्षं टीमची भरभराटीची. जिल्ह्यातले सगळे कप आले, जिनिंगच्या कचेरीत काचेच्या कपाटात बसले. हैदराबादच्या एका नावाजलेल्या टीमला धोंडीबाने नव्वद मिनिटं गोल करू दिला नाही, त्या दिवशी बेल्यात बैलांच्या शिंगांना हळद लावली. मग उतरती लागली. बाहेरच्या खेळाडूंना एकेक करून सरकारी खात्यांत नोकऱ्या लागल्या, ते गेले. कोच आजारी पडून गेला. सुधाकररावांचं मन ट्रॅक्टरच्या एजन्सीत रमलं. एक्क्याण्णव उजाडलं तेव्हा टीममध्ये पुन्हा आपलेच हमाल होते, विटलेल्या जर्सी होत्या आणि कॅप्टन म्हणून धोंडीबा होता, चोवीस वर्षांचा, वर्षापूर्वी लग्न झालेला.

एप्रिलच्या सुरुवातीला पांडुरंगरावांनी सगळ्यांना आवारात जमवून सांगितलं, "मे महिन्याच्या चार तारखेले हैदराबादची स्पर्धा हाय. तिथं दोन सामने जिंकून दाखवा. मंग साहेब टीम मोडणार नाहीत, माझा शब्द."

नऊ तारखेला सकाळी सराव चालू असताना धोंडीबा चेंडूवर झेपावला आणि त्याचा उजवा पाय लॉरीच्या चाकोरीत अडकला. वरून दोन गडी त्याच्यावर कोसळले. नडगी मोडल्याचा आवाज कचेरीत बसलेल्या माणसांनीही ऐकला.

जिनिंगची जीप उभीच होती. आदिलाबादचा सरकारी दवाखाना तासाभराच्या वाटेवर. धोंडीबाला उचलून जीपमध्ये ठेवलंही होतं. पण पांडुरंगराव ड्रायव्हरला थांबवून म्हणाले, "तिथं तीन महिने प्लास्टर घालून ठेवतील. मंग कोणती टीम आन् कोणती स्पर्धा." आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सोजरबाई, एकवीस दिवसांत उभा करता का?"

मोडलेल्या नडगीला दीड-दोन महिने लागतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकवीस दिवस मनगटाला पुरतात, नडगीला नाही. पण अंगावर कोट होता, भोवती टीम उभी होती, आणि धोंडीबा वेदनेने पांढराफटक पडलेला असताना म्हणत होता, "माय हो म्हणते. मले दवाखान्यात नका नेऊ."

"देईन उभा करून," ती म्हणाली.

तिने हाड जागेवर आणलं ते अगदी बरोबर आणलं, याबद्दल नंतर आदिलाबादच्या डॉक्टरनेही तक्रार केली नाही. मग लेप, कापूस, कामट्या. पट्टी गुंडाळताना तिच्या मनाने घेतलं की घट्ट बांधलं तर लवकर जुळेल. नेहमीचे वेढे झाल्यावर तिने आणखी एक वेढा घेतला आणि गुडघा टेकवून ओढला. धोंडीबाने ओठ चावला. ती म्हणाली, "सोस."

तिसऱ्या दिवशी सकाळी बयनाबाई धावत आली. "सोजरबाई, पोराचे बोटं थंडे पडले वं."

सोजरबाई गेली. पायाची बोटं सुजून टरटरीत झालेली, नखं जांभळी. तिने हात लावला. बोटं विहिरीतून काढलेल्या भांड्यासारखी गार होती.

"माय," धोंडीबा म्हणाला, "हा पाय माहा नाही वाटून राह्यला."

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, पट्टी काप. तिच्या कमरेला विळा होता, पट्टी दोन हातांवर होती. पण सोजरबाईला त्या क्षणी पट्टी दिसलीच नाही. तिला रुक्माबाई दिसली. गुण गेला का अंग थंडं पडते. म्हातारी म्हणाली तसंच झालं होतं. पगाराने हात बाटला, आणि तोच बाटलेला हात लावून पट्टी सोडली तर उरलेला पायही जाईल, असं तिला वाटलं. आधी हात मोकळा करायला हवा. आधी हजेरीपटावरून नाव कापायला हवं.

"कोनी हात लावू नका," असं सांगून ती जिनिंगवर गेली.

पांडुरंगराव नव्हते, स्पर्धेच्या कामाला हैदराबादला गेले होते. उद्या येतील, असं चौकीदार म्हणाला. कोट काढून तिने घडी केली, कचेरीच्या पायरीवर ठेवला आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली गडू घेऊन बसली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ते आले नाहीत. बयनाबाईचा निरोप आला की पोराला ताप आहे. सोजरबाईने निरोप पाठवला, आज मी मोकळी होऊन येतो म्हणावं. तिसऱ्या दिवशी दुपारी पांडुरंगराव बसमधून उतरले. ती त्यांच्या पायाशीच जाऊन बसली. "माहं नाव काटा, बापा. आत्ताच काटा. माह्यासमोर."

त्यांनी आधी समजावलं, मग वैतागले, मग कचेरीत जाऊन एक कागद काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यावर आडवी रेघ मारली. "झालं? काटलं."

ती धावत बौद्धवाड्यात गेली. हात धुतले, विळ्याने पट्टी कापली. कामट्या निघाल्या त्यांच्याबरोबर कातडं निघालं. वास सगळ्या गल्लीत गेला. बयनाबाई भिंतीला धरून खाली बसली. त्याच जीपने धोंडीबाला आदिलाबादला नेलं आणि तिथे गुडघ्याच्या वर पाय कापला.

टीम हैदराबादला गेली नाही. ती मोडली असं कोणी जाहीरही केलं नाही. पुढच्या दिवाळीत गोलाच्या एका खांबाजोडीला कापसाचा काटा टांगला आणि दुसरी जोडी उपटून गोठ्याला लावली. जर्सी हमालांनी वाटून घेतल्या. दोन हंगाम बेल्यात पाठीवर सात नंबर, नऊ नंबर घेऊन गडी कापसाची पोती वाहायचे आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

गावाने निकाल दिला तो सोजरबाईच्या बाजूने. हात चांगला होता, जिनिंगच्या पगारानं बिघडवला. म्हातारी सांगून गेली होती. आता बाईने पगार सोडला, कोट सोडला, हात पहिल्यासारखा झाला. वर्षभर कोणी आलं नाही, मग एक जण मुरगळलेला घोटा घेऊन आला, मग दुसरा. सोजरबाईनेही हा निकाल मनापासून मानला. तिला तो मानावाच लागला, नाहीतर ती जगली नसती. कोणी विषय काढला की ती स्वतःच म्हणायची, "पगारानं गेला गुण. माही चुकी झाली, पगार घेतला." तो एक वेढा तिने मनातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात सरकवून दिला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

धोंडीबाने बसथांब्याजवळ घरासमोरच सायकल पंक्चरचं दुकान घातलं. कुबडी भिंतीला टेकवून दिवसभर बसायचा. बयनाबाई दोन वर्षांत झुरून गेली, पण सोजरबाईला त्याने कधी वेडंवाकडं बोललं नाही. ती जाता-येता थांबायची, तो "ये माय, बस" म्हणायचा. शहाण्णवमध्ये त्याची लेक लक्ष्मी चिंचेवरून पडली आणि हात मोडला. सोजरबाईला कळून ती कामट्या घेऊन निघाली, तोवर धोंडीबा मुलीला घेऊन सकाळच्या बसने आदिलाबादला गेलेला. परत आल्यावर म्हणाला, "ट्यूबा आणाले जायाचंच होतं माय, तिकडंच दाखवून देल्लं." मुलीच्या हाताला पांढरं प्लास्टर होतं. सोजरबाईने मान डोलावली. ट्यूबा आणायच्या तर जावं लागणारच.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पांडुरंगराव तिच्या दारात आले. आता पार थकलेले, लेकाकडे आदिलाबादला राहायचे. बेल्याला लग्नासाठी आले आणि मांडवात पाय घसरून मनगट दुखावून बसले. ती त्यांचं मनगट चोळत होती आणि त्यांना जुनं आठवून भरून आलं.

"सोजरबाई, एक सांगतो. तुमी ते पाप उगाच डोक्यावर घेऊन राह्यल्या. लोक म्हणतात, पगारानं हात बिघडला. पण तवा पगार होता कुठं?"

"म्हंजे?"

"साहेबांनी टीम मार्च सरतानाच मोडली होती. एक एप्रिलपासून हजेरीपटावर कोणाचंच नाव नव्हतं, तुमचंबी नाही. मी म्हटलं, हैदराबादला जिंकलो तर साहेबांचं मन फिरंल, म्हणून कोणाले बोललो नाही. धोंडीबाचा पाय तुमी फुकट बांधला, नेमानं बांधला. तुमच्याकडं बोट दाखवाले जागाच नाही." त्यांना वाटलं, आपण सात वर्षांचं ओझं उतरवलं.

सोजरबाईचा अंगठा मनगटावर थांबला होता. "मंग तुमी रेघ कायची मारली?"

"लॉरीच्या जुन्या कागदावर. तुमच्या समाधानासाठी."

"आणखी कोनाले मालूम होतं हे?"

"एकट्या धोंडीबाले. कॅप्टन होता ना तो."

तिने त्यांचा हात हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, "राव, आदिलाबादले जा. तिथं हाडाचा फोटो काढतेत." ते काही विचारायच्या आत ती गडू न घेताच उठली.

धोंडीबा दुकानात घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता. "ये माय, बस," तो म्हणाला. ती उभीच राहिली.

"धोंडीबा, एक तारखेपासून पगार बंद होता. तुले मालूम होतं?"

त्याने ट्यूब थोडी फिरवली. "होतं."

"मंग पगारानं नाही झालं हे तुले दवाखान्यातच कळलं होतं?"

"पाय कापल्यावर तिथं कामच काय होतं मले. पडल्यापडल्या सारं ध्यानात आलं."

"मंग काऊन नाही बोलला?"

"बोलून पाय येते थोडाच. गाव तुह्याकडं पुन्हा येऊन राह्यलं होतं. आन् मले दवाखान्यात नका नेऊ, असं मीच म्हनलो होतो, माय. जीप तर उभीच होती."

रस्त्यावरून आदिलाबादची बस धूळ उडवत गेली.

"लक्ष्मीले ट्यूबांसाठी नाही नेलं ना तिकडं?" सोजरबाईने विचारलं.

त्याने ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. "लेक हाय, माय," एवढंच म्हणाला.

"मी एक येढा जास्त घेतला होता," ती म्हणाली. "गुडघा टेकवून ओढला. हाताले तवाच कळलं होतं का जास्त झालं." सात वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं आणि ते किती छोटं आहे याचं तिला आश्चर्य वाटलं. धोंडीबाने मान डोलावली. त्याला ते नवीन नव्हतं, पाय त्याचाच होता.

ती दुकानाच्या पायरीवर टेकली. या घरात तिने खांदे बसवले होते, बोटं बसवली होती, आणि इथला एक घोटही कधी घेतला नव्हता.

"धोंडीबा," ती म्हणाली, "मले पाणी दे."

त्याने चमकून वर पाहिलं. बेल्यातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याने लक्ष्मीला हाक मारली नाही. भिंतीची कुबडी काखेत घेतली, एका पायावर आत गेला, रांजणातून तांब्या भरला, आणि अर्धं पाणी वाटेत सांडत घेऊन आला. सोजरबाईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड लावून तळापर्यंत प्यायली. मग रिकामा तांब्या त्याच्या हातात देऊन घरी गेली.

तेव्हापासून बेल्यात हाड मोडलं की लोक सकाळची बस धरतात.